टीम सारखी हरतेय? नवा हेड कोच निवडायचा कसा (वेल्स रग्बीच्या निमित्तानं)

आधी एक क्लिअर करतो, रग्बीचा हेड कोच म्हणजे आपल्या क्रिकेटमधला कोच नव्हे. क्रिकेटमध्ये मैदानावर कॅप्टनची चलती, कोच वर बाल्कनीत. रग्बीत टीम कोच निवडतो, प्लॅन त्याचा, कॅप्टन कोण तेही तोच ठरवतो आणि साठाव्या मिनिटाला कुणाला बाहेर काढायचं तेही तोच. त्यामुळे टीम हरली की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडणार हे ठरलेलं. त्यात चूक काही नाही, फक्त कुऱ्हाड चालवायच्या आधी आपण नक्की काय तोडतोय ते बघायला हवं, आणि नेमकं तेच कुणी बघत नाही.

तर समजा तुम्ही वेल्सच्या रग्बी युनियनवर, म्हणजे तिथल्या बोर्डावर आहात. एकतीसेक लाखांचा देश, एकट्या मुंबईत त्याच्या कितीतरी पट माणसं राहतात, पण रग्बी म्हणजे तिथं जीव की प्राण. ७ ऑक्टोबर २०२३ ला वर्ल्ड कपमध्ये जॉर्जियाला हरवलं आणि मग जिंकणं बंदच झालं. सलग १८ टेस्ट (रग्बीत टेस्ट म्हणजे दोन देशांमधली कुठलीही मॅच) हरले, २०२४ आणि २०२५ अशी दोन्ही वर्षं सिक्स नेशन्समध्ये, म्हणजे युरोपातल्या सहा देशांच्या दरवर्षीच्या स्पर्धेत, तळाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये रोममध्ये इटलीनं २२-१५ नं हरवलं आणि तीनच दिवसांत हेड कोच वॉरन गॅटलंड पद सोडून गेला, तेही स्पर्धा अर्धी बाकी असताना. आता नवीन माणूस तुम्हाला शोधायचाय.

नावं नंतर. पहिलं काम म्हणजे एक कागद घ्या, मध्ये रेघ मारा, एका बाजूला कोच बदलला की बदलेल असं लिहा आणि दुसऱ्या बाजूला कुणीही आला तरी बदलणार नाही असं. वेल्सची दुसरी बाजू भरत भरत कागदाच्या मागं जाते. अ‍ॅलन विन जोन्स, टिपुरिक, बिगर, हाफपेनी, नॉर्थ, असे जुनेजाणते प्लेअर सगळे वर्षभराच्या आसपास निवृत्त झाले. स्टार प्लेअर रीस-झॅमिट २०२४ च्या जानेवारीत अमेरिकन फुटबॉल खेळायला गेला. खाली फक्त चार प्रोफेशनल टीम, त्यांच्याकडे पैसा नाही, २०२३ मध्ये तर काँट्रॅक्टच्या घोळावरून प्लेअर इंग्लंडविरुद्धच्या मॅचवर बहिष्कार टाकायच्या बेतात होते, आणि एप्रिल २०२५ मध्ये कार्डिफ क्लबचं दिवाळं निघाल्यावर तो युनियननंच ताब्यात घेतला. वरून तेव्हा नियम असा होता की २५ टेस्ट खेळलेल्या नसतील आणि वेल्सबाहेरच्या क्लबशी करार केला, तर देशाकडून खेळता येणार नाही (आधी ही अट ६० ची होती). म्हणजे घरात पैसे नाहीत म्हणून पोरगं बाहेर गेलं की कोचच्या हातून गेलं.

आणि गॅटलंड कोण होता? २००८, २०१२, २०१९ अशा तीन ग्रँड स्लॅम (सिक्स नेशन्समधल्या सगळ्या मॅच जिंकणं) जिंकून देणारा माणूस. तो काय दोन वर्षांत कोचिंग विसरला? बरं, त्यानं २०२४ च्या मार्चमध्येच राजीनामा देऊ केला होता, तो घेतला नाही, आणि मग जवळपास वर्षभर तोच गाडा ओढत बसले. दुसरी बाजू एवढी लांब असेल तर नव्या कोचकडून पहिल्या वर्षात विजय मागू नका, त्याच्याकडून पहिल्या बाजूचं काम मागा. म्हणजे डिफेन्सची लाइन, स्क्रम (दोन्हीकडच्या फॉरवर्डची रेटारेटी), लाइनआउट (बाहेर गेलेला बॉल आत फेकून खेळ पुन्हा सुरू करणं), शेवटच्या वीस मिनिटांतली फिटनेस, आणि कुठल्या पोराला कधी उतरवायचं हा निर्णय. हे सगळं कोचच्या हातात असतं.

दुसरं, गाजलेल्या जुन्या नावाच्या मागं धावू नका. बोर्डाला घाम फुटला की हा मोह होतोच. ऑस्ट्रेलियानं जानेवारी २०२३ मध्ये कोच डेव्ह रेनीला काढून एडी जोन्सला परत आणलं, २००३ ला त्यानंच त्यांना फायनलला नेलं होतं ना, मग काय, २०२७ पर्यंतचा करार. वर्ल्ड कप सात-आठ महिन्यांवर असताना. त्यानं हूपर आणि क्वेड कूपर या दोघा अनुभवी प्लेअरना घरी ठेवलं, फ्लाय-हाफ (टीमचा खेळ चालवणारा) म्हणून नवख्या कार्टर गॉर्डनवर भिस्त टाकली, फिजीकडून हरले, मग लिऑनमध्ये याच वेल्सनं ४०-६ नं धुतलं आणि ऑस्ट्रेलिया इतिहासात पहिल्यांदा ग्रुपमधूनच बाहेर. नऊ टेस्टमध्ये दोन विजय आणि ऑक्टोबर संपायच्या आत साहेबांचा राजीनामा. एडी जोन्स वाईट कोच आहे का? अजिबात नाही, जपानला घेऊन २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेला हरवणारा हाच. पण बोर्डानं त्याचं नाव घेतलं तेव्हा त्याच्यासमोर काम काय ठेवलं, सात-आठ महिन्यांत टीम तरुण करायची की वर्ल्ड कप वाचवायचा, हे मला तरी शेवटपर्यंत कळलं नाही. २०१९ नंतर गेलेल्या गॅटलंडला वेल्सनं परत बोलावलं, ती त्याची दुसरी इनिंगही याच माळेतली.

घाई टाळायची असेल तर हंगामी माणूस बसवा आणि स्वतःला वेळ द्या. हे वेल्सनं बरं केलं. कार्डिफचा मॅट शेरॅट आला आणि आल्याआल्याच बोलला की मला कायमची नोकरी नकोय. असा माणूस सापडला तर सोडू नका, कारण त्याला इम्प्रेशन मारायचं नसतं. तोही आयर्लंड आणि स्कॉटलंडकडून हरला, मग कार्डिफमध्ये इंग्लंडनं ६८-१४ करून ठेवलं, पण तोपर्यंत युनियनचं शोधकाम चालू होतं आणि मधल्या काळात त्यांनी डायरेक्टर ऑफ रग्बी म्हणून डेव्ह रेडिनला घेतलं. वर जबाबदार माणूस आधी आणि कोच नंतर, क्रम हाच ठेवा, नाहीतर कोचला आल्या दिवसापासून कुणाला विचारायचं तेच कळत नाही.

आता इंटरव्ह्यू. पॉवरपॉइंट घेऊन येणारे सगळेच भारी दिसतात. कल्चर, व्हिजन, २०२७ चा रोडमॅप, ऐकायला छान. ते अर्ध्या तासात आटपा आणि त्याला एक मॅच दाखवा. मी असतो तर ५ जुलै २०२५ ची किताक्युशूची जपानविरुद्धची दाखवली असती. दुपारची वेळ, प्रचंड दमट उकाडा, हाफटाइमला वेल्स १९-७ नं पुढं, आणि दुसऱ्या हाफमध्ये एकही पॉइंट नाही, मॅच २४-१९ नं गेली. हा त्या मालिकेतला अठरावा पराभव. आवाज बंद करून ती दुसरी हाफ लावा, रिमोट त्याच्या हातात द्या आणि म्हणा, जिथं वाटेल तिथं थांबव. कुठं थांबवतो ते बघत राहा. काही जण फक्त ट्राय (बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडं टेकवणं) झाली तिथं थांबवतील. काही जण त्याच्या तीन-चार फेज (एका टॅकलपासून पुढच्या टॅकलपर्यंतचा खेळ) आधी थांबवतील, जिथं एक लॉक (उंच, धिप्पाड फॉरवर्ड) टॅकल करून उठायला वेळ लावतोय आणि त्याच्या शेजारचा पोरगा ते भोक बुजवायला आत सरकलाय, म्हणजे बाहेर विंगला माणूसच उरला नाही. मग विचारा, सोमवारी सरावाला यातलं काय घेशील, आणि किती मिनिटं घेशील. मिनिटं विचाराच, कारण नॅशनल कोचला प्लेअर मिळतात वर्षातून ठरावीक आठवडेच, क्लबसारखे रोज नाही. ज्याच्या उत्तरात बारा गोष्टी येतील त्याला या नोकरीचा अंदाज नाही. दोन गोष्टी सांगून बाकीच्या सोडून देतो म्हणणारा मला जास्त आवडेल.

चौकशी करताना स्टार प्लेअरला फोन करू नका, ते गोडच बोलणार. ज्यांना त्यानं टीमबाहेर काढलं त्यांना करा. कसं सांगितलं, तोंडावर सांगितलं की लिस्ट लावली? आणि कुठून तरी हाकललं गेलंय म्हणून बायोडाटा बाजूला सारू नका. वेल्सनं जुलै २०२५ च्या शेवटी स्टीव्ह टँडीचं नाव जाहीर केलं. ऑस्प्रीज या वेल्श क्लबचा कोच झाल्यावर काही महिन्यांतच २०१२ मध्ये लीग जिंकलेला, २०१८ मध्ये तिथूनच बाहेर पडावं लागलेला, मग सिडनीत वाराटाझ टीमचा डिफेन्स, मग स्कॉटलंडचा डिफेन्स पाच-सहा वर्षं. नाव झगमगीत नाही, पण टीमचं डिफेन्स गळतंय आणि माणूस डिफेन्सचा, म्हणजे कागदाच्या पहिल्या बाजूशी जुळतंय.

देशी की परदेशी हा वाद टीव्हीवाल्यांना करू द्या. टँडी हा २००७ मध्ये पदावरून गेलेल्या गॅरेथ जेंकिन्सनंतरचा पहिला कायमस्वरूपी वेल्श कोच, चांगलंय, पण निकष म्हणून शून्य. मधल्या दोघा न्यूझीलंडवाल्यांनी (त्यातला एक गॅटलंडच) ट्रॉफ्या आणल्याच की.

सपोर्ट स्टाफ मात्र त्याला निवडू द्या. टँडीकडे तो शेरॅटच अटॅक बघायला आला, म्हणजे पोरांना ओळखणारा एक माणूस आयता. आणि अधिकार द्या, करारात लिहून. २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिका ऑल ब्लॅक्सकडून, म्हणजे न्यूझीलंडकडून, ५७-० अशी हरली होती. मग रासी इरास्मसला आणलं ते थेट डायरेक्टर ऑफ रग्बी म्हणून, सहा वर्षांच्या करारावर, म्हणजे पोरं कुठून येणार हेही तोच बघणार. त्यानं सिया कोलिसीला कॅप्टन केलं. पहिल्या वर्षी १४ टेस्ट, सात जिंकल्या, सात हरल्या. आपल्याकडे असतं तर सातव्या पराभवाला पुतळे जाळले असते. पुढच्या वर्षी वर्ल्ड कप.

राहिलं मोजमाप. ते नेमणुकीच्या दिवशीच ठरवा, हरल्यावर नाही. टँडीची सुरुवात बघा: अर्जेंटिनाकडून २८-५२, जपानविरुद्ध २४-२३ असा एका पॉइंटनं विजय, न्यूझीलंडकडून २६-५२, आणि मग २९ नोव्हेंबर २०२५ ला कार्डिफमध्ये दक्षिण आफ्रिकेकडून ०-७३. हा शेवटचा स्कोअर वाचून कुणीही म्हणेल काढा याला. पण ती मॅच ठरलेल्या इंटरनॅशनल विंडोच्या (क्लबांना प्लेअर देशाकडे सोडावेच लागतात त्या आठवड्यांच्या) बाहेर होती, त्यामुळे इंग्लंड-फ्रान्समधल्या क्लबांनी आपले प्लेअर सोडले नाहीत, आणि मॅच ठेवली कुणी तर युनियननं. तिकिटांचा पैसा सोडून दुसरं कारण मला दिसत नाही. तर अशा मॅच मोजणीतून बाहेर ठेवा, आणि बाकीच्यांत बघायचं ते असं: शेवटच्या वीस मिनिटांत किती पॉइंट दिले, स्वतःच्या थ्रोवर किती लाइनआउट घालवले, तेविशीच्या आतल्या किती पोरांना सुरुवातीपासून खेळवलं आणि त्यातली किती पुढच्या सीझनला टिकली. चारच आकडे, एका पानावर, दर सीरिजनंतर, आणि ते पान कोचलाही आधीच दाखवलेलं असलं पाहिजे.