मोठा ई-पेपर घेण्याआधी झेरॉक्स काढा

स्कॅन केलेली जुनी मराठी पुस्तकं वाचायला मोठा ई-पेपर (कागदासारखा दिसणाऱ्या पडद्याचं वाचनयंत्र) घ्यायचाय, पण १०.३ इंची की १३.३ इंची हे ठरत नाही? पुस्तकाचं एक ए-४ पान घ्या आणि त्याची एक झेरॉक्स ७० टक्के आकारात, दुसरी ९० टक्के आकारात काढा. पूर्ण पान बसवलं की १०.३ इंची पडद्यावर साधारण पहिल्याएवढं दिसतं, १३.३ इंचीवर दुसऱ्याएवढं. आता रफार आणि अनुस्वार बघा. मी पणजीत हे करून पाहिलं, तर ७० टक्क्यांत तळटीपांमधले ‘पर्व’ आणि ‘पव’ सारखेच दिसू लागले. मी मोठाच घेतला.

कादंबऱ्याच वाचत असाल तर १०.३ पुरे. तो चोडणच्या फेरीबोटीत एका हातात धरता येतो, आणि भर उन्हात अक्षरं उलट जास्त स्पष्ट दिसतात. मात्र पडद्याला आतला प्रकाश आहे का, हे आधी विचारा. काही मॉडेलना तो नसतो, आणि पावसाळ्यात रात्री वीज गेली की पुस्तक मिटावं लागतं.

भजनाला पेटीसमोर स्टँडवर ठेवायलाही १३.३ उत्तम. रंगीत पडद्याचा मोह टाळा: कालिडो ३ या रंगीत ई-पेपर पडद्यात काळी अक्षरं ३०० पीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) असली तरी रंग १५० चेच, आणि पार्श्वभूमी करडी. काही मॉडेल संगणकाला पडदा म्हणून जोडून टायपिंग जमतं. व्हिडिओ नाही, मागच्या चित्राची सावली राहते.