घोड्यांचा हर्पिस विषाणू: 'एन-७५२' वाचून निर्धास्त होऊ नका

घोड्याच्या नाकातल्या स्वॅबचा अहवाल येतो. त्यावर लिहिलेलं असतं, 'ईएचव्ही-१ पॉझिटिव्ह, जनुकप्रकार एन-७५२'. कधी पुढे 'नॉन-न्यूरोपॅथोजेनिक', म्हणजे मज्जासंस्थेला इजा न करणारा, असा शेराही असतो. तो वाचून तबेल्यात सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. विलगीकरण सैल होतं, मोतद्दार सकाळ-संध्याकाळ ताप बघायचं सोडून देतो. या विषाणूचे अहवाल वाचताना होणाऱ्या चुकांपैकी ही मला सर्वांत घातक वाटते, म्हणून आधी तीच घेतो.

ईएचव्ही-१, म्हणजे घोड्यांचा हर्पिस विषाणू क्रमांक १, बहुतेक वेळा नुसता ताप आणि सर्दी आणतो. गाभण घोडीला झाला तर ती शेवटच्या महिन्यांत गाभडू शकते. आणि काही घोड्यांत तो रक्तावाटे मज्जारज्जूच्या बारीक रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतो. मग मागचे पाय लटपटतात, लघवी ठिबकत राहते, शेपूट लुळी पडते. एखादा घोडा बसतो तो पुन्हा उठतच नाही. या रूपाला ईएचएम म्हणतात.

एकाच विषाणूची इतकी वेगळी रूपं का, याचा शोध घेताना ब्रिटनमधल्या दोन वाणांची तुलना झाली. एबी-४ हा वाण पक्षाघात झालेल्या घोड्यातून मिळालेला, तर व्ही-५९२ घोड्या गाभडल्या त्या साथीतला. विषाणूचा जनुकसंच सुमारे दीड लाख अक्षरांचा, आणि दोघांत फरक हजारात साधारण एका अक्षराचा. पुढे वेगवेगळ्या साथींतले नमुने तपासल्यावर त्यातलं एक अक्षर उठून दिसलं. २००६ साली प्रसिद्ध झालेला हा शोध. ओआरएफ-३० या जनुकात विषाणूच्या डीएनए पॉलिमरेजची, म्हणजे डीएनएची नक्कल करणाऱ्या प्रथिनाची, कृती लिहिलेली असते. तिथल्या २२५४ व्या जागी 'ए' असेल तर प्रथिनाच्या ७५२ व्या स्थानी अ‍ॅस्परॅजिन येतं, तो एन-७५२. 'जी' असेल तर अ‍ॅस्पार्टिक आम्ल येतं, तो डी-७५२. (तीन अक्षरांच्या एका त्रिकातून एक अमिनो आम्ल ठरतं. ७५१ त्रिके म्हणजे २२५३ अक्षरं, त्यापुढचं पहिलंच अक्षर हे. म्हणून एवढ्याशा बदलानं अमिनो आम्लच बदलतं.) ईएचएमच्या बहुसंख्य साथींत डी-७५२ सापडला. पुढच्याच वर्षी हे एकच अक्षर मुद्दाम बदलून घोड्यांवर प्रयोग झाला, तेव्हाही फरक दिसला.

शोध खराच मोलाचा. चूक त्यानंतरच्या वाचनात झाली. 'बहुसंख्य' या शब्दाचं हळूहळू 'सगळ्या' झालं. प्रत्यक्षात ईएचएम झालेल्या घोड्यांतून मिळालेल्या विषाणूंपैकी सुमारे १४ ते २४ टक्क्यांत हा डी बदल नव्हता. आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या शो-जंपिंग स्पर्धेत जी भयंकर साथ उसळली, घोडे दगावले, परतणाऱ्या घोड्यांबरोबर विषाणू इतर देशांत गेला आणि युरोपभरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा रद्द कराव्या लागल्या, तिथला विषाणू कोणता होता? एन-७५२. तेव्हा प्रकार कोणताही निघो, विलगीकरण तेच आणि ताप मोजणं दिवसातून दोनदा. शेवटचा ताप उतरल्यापासून निदान २१ दिवस घोड्यांची ये-जा बंद.

याची उलटी चूकही होते. डी-७५२ वाचून मालक हाय खातो, जणू आता घोडा गेलाच. हा प्रकार गाभडलेल्या घोड्यांत मिळतो, आणि काहीच लक्षणं नसलेल्या घोड्यांतही मिळतो. डी-७५२मुळे धोका वाढतो, पण घोड्याचं वय, त्याची प्रतिकारशक्ती आणि रक्तात किती विषाणू किती दिवस राहिला यावरही बरंच अवलंबून असतं. लसीबद्दलही इथेच सांगतो: ईएचएमपासून संरक्षणाचा दावा असलेली लस आज उपलब्ध नाही. लस टोचलीय म्हणून लटपटत्या पायांचं कारण दुसरीकडे शोधत बसू नका.

आता प्रयोगशाळेतल्या मंडळींसाठी एक अडचण. ग्लायकोप्रोटीन-बी या विषाणूच्या दुसऱ्या जनुकावरची पीसीआर (डीएनए वाढवून विषाणू शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह येते, पण प्रकार ओळखणारे 'ए' आणि 'जी'चे दोन्ही प्रोब (ठरावीक अक्षर सापडलं की खूण देणारे डीएनएचे तुकडे) गप्प. इथे दोन टोकाच्या चुका होतात. कोणी नमुना 'संशयास्पद' म्हणून बाजूला टाकतो, कोणी नवा वाण सापडल्याची घाई करतो. आधी सीटी मूल्य, म्हणजे पीसीआरच्या कितव्या फेरीत विषाणू दिसला तो आकडा, बघा. ते ३५च्या पुढे असेल तर विषाणूच इतका थोडा आहे की प्रकार ठरवणारी चाचणी, जी मुळात कमी संवेदनशील असते, त्याला पकडू शकली नाही. पण सीटी कमी आहे, म्हणजे विषाणू भरपूर आहे, आणि तरीही प्रोब बोलत नाहीत, तर ओआरएफ-३०चा तो तुकडा सीक्वेन्सिंगला, म्हणजे अक्षरं थेट वाचायला, पाठवा. त्या जागी 'सी' असू शकतो. मग हिस्टिडिन येतं, आणि तो एच-७५२. २०१८ साली फ्रान्समध्ये हा आढळला, २०२१मध्ये अमेरिकेतही. आणि दोन्ही प्रोब एकदम बोलले, तर लगेच भेसळ समजू नका. एकाच घोड्यात दोन्ही प्रकार असू शकतात.

साथ कुठून आली हे या एका अक्षरावरून ठरवू नका. 'दोन्ही तबेल्यांत एन-७५२, म्हणजे तिकडूनच आला' हा तर्क टिकत नाही, कारण जगभर असंख्य विषाणूंत तेच अक्षर आहे. पूर्वी ओआरएफ-६८वरून सहा गट पाडत, पण त्या जनुकात एकाच अक्षराची लांब माळ आहे आणि ती वाचताना चूक होते. माग काढायचा तर अनेक जनुकं एकत्र वाचावी लागतात. व्हॅलेन्सियाचा विषाणू क्लेड १०मधला (क्लेड म्हणजे एकाच पूर्वजापासून आलेल्या विषाणूंचा गट) हे तसंच कळलं. शिवाय हा हर्पिस आहे. वर्षानुवर्षं घोड्यात सुप्त राहतो आणि प्रवासाच्या, आजारपणाच्या ताणात जागा होतो. बाहेरून एकही घोडा आलेला नसताना तुमच्याच पागेतल्या जुन्या घोडीपासून साथ सुरू होऊ शकते. नव्या घोड्याच्या मालकाशी भांडण्याआधी हे लक्षात घ्या.

नमुन्याचं थोडक्यात. पाय लटपटायला लागेपर्यंत थांबू नका, ताप आला त्याच दिवशी स्वॅब घ्या. पुण्याच्या स्टड फार्मवरून नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पाठवायचा असो की जवळच्या प्रयोगशाळेत, नाकातला स्वॅब आणि रक्त दोन्ही द्या, कारण नाकातला विषाणू संपल्यावरही तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींत मिळू शकतो. स्वॅब कोळशाच्या माध्यमात बुडवू नका. आणि रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घ्या. हिरव्या झाकणाच्या नळीतलं हेपॅरिन पीसीआर अडवतं आणि पॉझिटिव्ह घोडा कागदावर निगेटिव्ह दिसतो.