महागडी स्पीकर वायर घ्यावी का? घरच्या घरी तपासून कसं ठरवावं

गेल्या दिवाळीत माझा शाळेपासूनचा मित्र पुण्याहून स्पीकरची केबल घेऊन आला. बोटाएवढी जाड, वरून निळं विणलेलं कापड, टोकांना सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना. पाच-पाच मीटरच्या जोडीला साडेअठरा हजार रुपये. जुळे सोलापुरातल्या माझ्या हॉलमध्ये आम्ही ती जोडली, तानपुऱ्यावरचा एक आलाप लावला आणि अर्ध्या मिनिटात तो म्हणाला, "फरक आहे बे! आवाज मोकळा झाला की."

मलाही तसंच ऐकू आलं. खर्ज भरीव लागत होता, जवारी (तानपुऱ्याच्या तारांची झणझण) स्वच्छ होती. दुकानदाराने आठ दिवसांत केबल परत घ्यायचं कबूल केलं होतं, म्हणून त्या आठ दिवसांत आम्ही नीट तपासायचं ठरवलं. जे केलं ते क्रमाने लिहितो. साडेअठरा हजार ही कुणाच्याही घरी लहान रक्कम नाही, आणि ही तपासणी कुणालाही करता येते.

पायरी १: आधी जुनी वायर बघा

नव्या केबलची तुलना आपण कशाशी करतोय, हे कुणी बघतच नाही. माझी जुनी वायर स्पीकरच्या खोक्यात फुकट आलेली होती. पारदर्शक प्लास्टिकची, सुतळीइतकी बारीक. ॲम्प्लिफायर बंद करून, प्लग काढून मी ती टर्मिनलमधून सोडवली. टोकाच्या तारा काळ्या पडल्या होत्या, दोन ठिकाणी हिरवट झाक होती आणि निम्म्या तारा स्क्रूखाली तुटून गेल्या होत्या. सहा वर्षं मी त्या टोकांना हातही लावला नव्हता.

म्हणजे मित्राने ऐकलेला फरक खरा असण्याची दाट शक्यता होती. पण तो महागड्या केबलचा गुण की माझ्या जुन्या वायरचा दोष? सगळा प्रश्न इथेच आहे.

पायरी २: वायरची जाडी आणि लांबी मोजा

स्पीकरच्या वायरचं एकच मोठं काम असतं, वाटेत अडथळा कमी ठेवणं. तांब्याची वायर जितकी जाड आणि आखूड, तितका रोध कमी. इलेक्ट्रिकच्या दुकानात ज्याला आपण अर्धा एमएम, दीड एमएम, अडीच एमएम म्हणतो, ते चौरस मिलिमीटर असतात. लवचिक तांब्याच्या वायरचा दर मीटरचा रोध साधारण असा धरा: अर्ध्या एमएमला ०.०३९ ओहम (ओहम हे रोधाचं माप), दीडला ०.०१३ आणि अडीचला ०.००८.

हिशोब करताना लांबी दुप्पट धरायची, कारण करंट एका तारेने जातो आणि दुसरीने परत येतो. पाच मीटर अंतर असेल तर दहा मीटर. अर्ध्या एमएमचे झाले ०.३९ ओहम, अडीच एमएमचे ०.०८.

मी पाळतो तो नियम सोपा आहे: हा आकडा स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत असावा. आठ ओहमच्या स्पीकरला ०.४, चार ओहमच्या स्पीकरला ०.२. माझी अर्ध्या एमएमची बारीक वायर धड असती तरी आठ ओहमला काठावरच होती, आणि तिच्या निम्म्या तारा तर तुटलेल्या. चार ओहमच्या स्पीकरला ती मुळीच चालली नसती.

बारीक वायरने आवाज फक्त थोडा लहान होतो असंही नाही. स्पीकरवर "८ ओहम" लिहिलेलं असलं तरी तो आकडा सगळ्या सुरांना सारखा नसतो. एखाद्या पट्टीत तो सहावर येतो, दुसरीकडे पंचवीस-तीसपर्यंत चढतो. जिथे तो कमी, तिथे वायर जास्त खाते. जिथे जास्त, तिथे कमी. त्यामुळे सुरांचा तोल किंचित हलतो. म्हणून "वायरने काहीच फरक पडत नाही" असं मी कधी म्हणणार नाही. अपुऱ्या वायरने फरक पडतो.

खरेदी करताना एक गोष्ट मुद्दाम विचारा: निव्वळ तांबं आहे, की ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा? बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. मुलाम्याच्या तारेचं टोक चाकूने खरवडलं की आत चंदेरी रंग दिसतो. तिचा रोध तांब्यापेक्षा साधारण दीडपट असतो, म्हणून ती त्या मानाने जाड घ्यावी लागते. (कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तारही बाहेरून चंदेरी असते, पण ती आत तांबडी निघते. ती चांगली.)

आम्ही नवी पेठेतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून घरच्या वायरिंगची अडीच एमएमची लवचिक वायर आणली, दहा मीटर लाल आणि दहा मीटर काळी. लाल-काळी एकमेकींत पीळ देऊन पाच-पाच मीटरच्या दोन जोड्या केल्या. खर्च हजाराच्या आत.

पायरी ३: टोकं आणि प्लस-मायनस

टोक साधारण एक सेंटिमीटर सोला. तारा बोटांनी घट्ट पिळा, एकही केस बाहेर राहू देऊ नका. लालची एक तार काळ्याला टेकली तरी ॲम्प्लिफायर शॉर्ट होऊ शकतो. जमल्यास बनाना प्लग (टर्मिनलच्या भोकात सरळ बसणारी पिन) लावा. आवाज त्याने सुधारत नाही, पण पुढच्या परीक्षेत वायर पटकन बदलता येते.

मग प्लस-मायनस. एका स्पीकरचं उलटं लागलं की एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. खर्ज नाहीसा होतो आणि गायक समोर बसल्यासारखा न वाटता आवाज खोलीभर विखुरतो. शंका असेल तर वायर ॲम्प्लिफायरच्या बाजूने पूर्ण सोडवा आणि घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल त्या टोकांना क्षणभर टेकवा, सेलचा प्लस लालला. मोठ्या स्पीकरचा पडदा बाहेर ढकलला गेला पाहिजे. दोन्ही स्पीकर एकाच दिशेने हलले की झालं. ओळखीच्या दोन घरी "आवाजात दम नाही" ही तक्रार एवढ्यानेच मिटली आहे.

पायरी ४: दोन्हींचा आवाज समान करा

अगदी थोडा मोठा आवाज आपल्या कानाला "मोठा" न वाटता "चांगला" वाटतो. दुकानातली निम्मी प्रात्यक्षिकं याच जोरावर चालतात. म्हणून ॲम्प्लिफायरला जोडलेल्या फोनवरून २०० हर्ट्झचा सलग सूर वाजवा, मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) एसी व्होल्टवर ठेवा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. २०० हर्ट्झ यासाठी की स्वस्त मीटर फार वरच्या सुरांना चुकीचं दाखवतात. एका केबलला २.०० व्होल्ट येत असतील तर दुसरीला १.९८ ते २.०२ च्या आत हवेत.

आमचे दोन्ही आकडे जुळले, आवाजाच्या बटनाला हात लावावा लागला नाही. तिथेच मला उत्तराचा अंदाज आला. पण मीटरवर विश्वास नसणारे पुष्कळ आहेत, आणि शेवटी संगीत कानानेच ऐकायचं असतं.

पायरी ५: न बघता ऐका

कोणती केबल लागली आहे हे माहीत असेल तर कान त्या माहितीसकट ऐकतात. यात कुणाची फसवणूक नाही, माणसाचं ऐकणंच तसं आहे. हे टाळायला तीन माणसं लागतात.

आमच्याकडे केबल बदलायला माझी पुतणी होती. ती स्पीकरच्या मागे, मध्ये दोरीवर चादर टांगलेली. दर फेरीला ती नाणं उडवणार: छापा आला तर निळी केबल, काटा आला तर घरची वायर. दाराबाहेर बसून बायकोने नोंद ठेवली. पुतणी नाण्याचा निकाल लिहून चिठ्ठी दाराखालून सरकवत होती, तोंडाने एक शब्द नाही. ऐकणारा आपला अंदाज वेगळ्या कागदावर लिहायचा.

नाण्याने तीच केबल पुन्हा सांगितली तरी ती काढून परत लावायची, तेवढाच वेळ घेऊन. नाहीतर खुडबुडीच्या आवाजावरून माणूस ओळखतो. दर वेळी ॲम्प्लिफायर बंद करूनच बदल करायचा. बारीक फरकाची आठवण कानात फार वेळ टिकत नाही, म्हणून बदल झटपट व्हावा आणि तुकडा लहान असावा. आम्ही तीस सेकंदांचा तोच आलाप दर वेळी वाजवला. तानपुरा यासाठी उत्तम, कारण त्याच्या जवारीत वरचे सूर गच्च भरलेले असतात. नंतर हलगीचा तुकडाही घेतला. तिच्या थापेत काही लपत नाही.

दहा फेऱ्या तरी हव्यातच. निव्वळ अंदाजानेही दहापैकी साधारण पाच बरोबर येतात. आठ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता नुसत्या नशिबानेही सुमारे अठरात एक आहे, म्हणजे तेवढ्यावर भरवसा ठेवू नये. नऊ किंवा जास्त मात्र १०२४ पैकी ११ वेळाच, साधारण शंभरात एकदा. नऊ आले तर फरक आहे असं धरून पुन्हा एकदा खात्री करा.

माझे चार आले, मित्राचे सहा. तो बराच वेळ कागद बघत होता. मग म्हणाला, "उद्या परत घेऊ की. आज थकलोय." त्याचं म्हणणं मला रास्त वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या कानांनी बसला, पाच आले.

आणि सुरुवातीचा तो मोकळा आवाज? आम्ही जुनी बारीक वायर परत जोडली आणि तिच्याविरुद्ध तीच परीक्षा घेतली. मित्राने दहापैकी नऊ ओळखले. त्याचे कान पहिल्या दिवशीही खरंच बोलत होते. फरक होताच, फक्त तो हजाराच्या आतल्या वायरनेही तितकाच मिळत होता.

कुणी म्हणेल, अर्ध्या मिनिटात काय कळणार, केबल आठवडाभर ऐकावी लागते. तसंही करा. दोन्ही केबलना जुन्या सोलापुरी चादरीच्या पट्टीची सारखी खोळ शिवा, टोकंही झाका आणि घरातल्या कुणालातरी तुम्ही नसताना रोज नाणं उडवून बदलायला सांगा. दहा दिवस ऐकून दहा अंदाज लिहा.

खोक्यावरच्या शब्दांबद्दल थोडं

"ऑक्सिजन-फ्री कॉपर": साधं विद्युत दर्जाचं तांबंही ९९.९ टक्के शुद्ध असतं. दोन्हींच्या वाहकतेत फरक सुमारे एक टक्का. पाच मीटरची वायर पाच सेंटिमीटरने लांब झाली तर जेवढा फरक पडेल, तेवढा. चांदी तांब्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी सरस आहे. तोच लाभ तांब्याची वायर तितकीच जाड घेतली की मिळतो.

एचडीएमआय आणि ऑप्टिकल केबलमधून आकडे जातात. केबल सदोष असेल तर आवाज तुटतो, चित्रात ठिपके येतात किंवा सगळंच बंद पडतं. खर्ज पातळ होणं वगैरे तिथे घडत नाही.

आरसीए केबलचं (प्लेअरपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जाणारी गोल पिनांची केबल) मात्र वेगळं. तिच्यातला सिग्नल नाजूक असतो, म्हणून तिला चांगलं जाळीचं आवरण आणि घट्ट पिन हवी. रेकॉर्ड प्लेअर असेल तर तिची लांबीही कमी ठेवा, कारण तिथे केबलची धारिता (वीज साठवून धरण्याचा गुण, कपॅसिटन्स) वरच्या सुरांवर परिणाम करू शकते. तरीही मध्यम किमतीची पुरते. ५० हर्ट्झची घुंघुं येत असेल तर सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घेऊन बघा. पण घुंघुं घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कधीही तोडू नका. ती जीव वाचवण्यासाठी आहे.

२००७ मध्ये अमेरिकेतले जादूगार आणि चिकित्सक जेम्स रँडी यांनी ७,२५० डॉलरच्या स्पीकर केबलचा साध्या चांगल्या केबलपेक्षा सरस आवाज न बघता ओळखून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले होते. ते बक्षीस कुणालाही मिळालं नाही.

पायरी ६: वाचलेले पैसे खोलीला द्या

हॉलच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. आपल्या सोलापूरच्या बहुतेक घरांत शहाबादी फरशी किंवा टाईल्स, उघड्या भिंती आणि वर स्लॅब. टाळीमागून टर्रर्र असा बारीक पडसाद येतो. तोच पडसाद प्रत्येक आलापावर बसलेला असतो, आणि कोणतीही केबल तो काढू शकत नाही.

स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा, मागच्या भिंतीपासून हात-दीड हात पुढे. दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा साधारण समभुज त्रिकोण करा, ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा पडदा) कानाच्या उंचीला आणा. स्पीकर आणि खुर्ची यांच्यामध्ये जाड गालिचा किंवा दुहेरी सतरंजी अंथरा. आरशासारखी भिंत समोर असेल तर पुस्तकांचं कपाट किंवा घड्या घालून जाड केलेला पडदा लावा. एकेरी चादर टांगून फारसं होत नाही, ती फक्त अगदी वरचे सूर थोडे शोषते. खर्ज घुमत असेल तर खुर्ची मागच्या भिंतीपासून पुढे ओढून बघा. अर्ध्या मीटरनेही चित्र पालटतं.

मित्राने सहाव्या दिवशी केबल परत केली. त्यातून आम्ही त्याच्या विजापूर रोडच्या घरासाठी एक जाड गालिचा आणि स्पीकरला दोन लोखंडी स्टँड घेतले, वायर अडीच एमएमची. गालिचा अंथरण्याआधी आणि नंतर त्याने टाळी वाजवली. दुसरी टाळी तिथल्या तिथे विरली. मग त्याने तोच आलाप लावला आणि संपेपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही.