निर्बंधांच्या यादीत नाव शोधताना: मुक्तस्रोत प्रकल्पांत या चुका टाळा

आमच्या छोट्या मुक्तस्रोत लायब्ररीसाठी, म्हणजे कोणालाही वाचता-बदलता येणाऱ्या तयार कोडसाठी, इराणमधल्या एका विद्यार्थ्याने सात ओळींचा पॅच (कोडमधली दुरुस्ती) पाठवला होता. मजकुरातून तारखा वेचायच्या, एवढंच त्या लायब्ररीचं काम. फारसी आकड्यांतली तारीख तिला कळत नव्हती, कारण कोडने फक्त इंग्रजी आकडे गृहीत धरले होते. त्याने ती तपासणी युनिकोडवर (जगभरच्या लिप्यांसाठीच्या अक्षर-संकेतांवर) नेली आणि त्याच फटक्यात आपले १, २, ३ सुद्धा चालू लागले. मराठीसाठी मी कधीच करायला हवं होतं ते काम त्याने केलं. आणि मी तीन आठवडे त्याला साधं उत्तरही दिलं नाही. 'इराण' हा शब्द वाचला, अमेरिकेचे निर्बंध आठवले आणि हात आखडला.

देश बघून माणसाला दाराबाहेर ठेवणं

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. अमेरिकेचे निर्बंध ढोबळमानाने दोन तऱ्हांचे. क्यूबा, इराण, उत्तर कोरिया, क्रिमिया यांसारख्या प्रदेशांवर जवळजवळ सरसकट बंदी असते. बाकी ठिकाणी ठरावीक माणसं आणि कंपन्या यादीत असतात. ही यादी अमेरिकी अर्थखात्याचं 'ओफॅक' हे कार्यालय ठेवतं आणि तिला एसडीएन यादी म्हणतात. रशिया दुसऱ्या प्रकारात मोडतो. म्हणजे मॉस्कोत राहणारा प्रोग्रामर केवळ रशियन आहे म्हणून यादीत येत नाही. तो कुठे नोकरी करतो आणि त्या कंपनीचा मालक कोण, हे बघावं लागतं. यादीतल्या मंडळींची मिळून ५० टक्के किंवा जास्त मालकी असेल, तर त्या कंपनीचं नाव यादीत नसलं तरी तिच्यावर निर्बंध लागू होतात.

ओफॅकच्या संकेतस्थळावर नाव शोधायची सोय फुकट आहे. तिथे नाव टाकलं की जुळणाऱ्या नोंदी, नाव किती जुळतं याच्या गुणांसकट, समोर येतात. इथे लोक फसतात. मोहम्मद किंवा इव्हानोव टाकलं तर ढीगभर नोंदी निघणारच. नोंद उघडा, जन्मतारीख बघा, गाव बघा, उपनावं बघा. नुसतं नाव जुळलं म्हणून पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) बंद करणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

कारण न सांगता नाव काढणं

ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, मेन्टेनर्स फाइलमधून (कोणता भाग कोण सांभाळतो याच्या यादीतून) रशियाशी संबंधित डझनभर नोंदी एका पॅचने गेल्या. कारण एका ओळीत होतं: नियमपालनाच्या वेगवेगळ्या गरजा. पुरेशी कागदपत्रं दिली तर परत येता येईल, असंही त्यात होतं, पण कोणती कागदपत्रं, कोणाला द्यायची, याचा पत्ता नाही. त्या फाइलमधली नोंद म्हणजे एक 'एम', पुढे नाव आणि ईमेल. पण त्या ओळीमागे एखाद्याची कित्येक वर्षांची रात्रपाळी असते. काही दिवसांनी जेम्स बॉटमली या जुन्या कर्नल विकासकाने खरं कारण लिहिलं. तुमची कंपनी एसडीएन यादीत असेल किंवा यादीतल्या कंपनीच्या ताब्यात असेल, तर मेन्टेनर म्हणून नाव ठेवता येणार नाही. हाताळणी चुकली म्हणून त्यांनी माफीही मागितली.

तेच चार शब्द आधी लिहिले असते तर? कर्नलच्या कामाला आधार देणारं लिनक्स फाउंडेशन अमेरिकेत नोंदलेलं आहे, त्यामुळे कायदा पाळणं त्यांना भागच होतं. माझी तक्रार निर्णयाबद्दल नाही, मौनाबद्दल आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर त्या माणसाला आधी खासगीत कळवा, नियमाचं नाव सांगा, परतीची वाट सांगा आणि श्रेयाच्या यादीतलं नाव अजिबात काढू नका.

सगळ्या याद्या एकच समजणं

मे २०१९ मध्ये चिनी ह्वावे कंपनी अमेरिकी वाणिज्य खात्याच्या 'एंटिटी लिस्ट'मध्ये गेली. लगेच आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेने तिच्या कर्मचाऱ्यांना शोधनिबंध तपासण्यापासून रोखलं, आणि काही दिवसांतच ती बंदी मागेही घेतली. एंटिटी लिस्ट निर्यातीबद्दल आहे, आणि जगजाहीर प्रकाशित केलेला मजकूर त्या निर्यात नियमांच्या कक्षेत सहसा येत नाही. ह्वावेचे अभियंते त्यानंतरही कर्नलमध्ये पॅच देत राहिले. म्हणून 'यादीत आहे' एवढ्यावर थांबू नका. कोणत्या यादीत, हे आधी विचारा.

घाईघाईने कोड पुसणं किंवा परवान्यात देशांची नावं घालणं

ऑगस्ट २०२२ मध्ये क्रिप्टो व्यवहारांचा माग पुसणाऱ्या टॉर्नेडो कॅश या सेवेवर निर्बंध आले तेव्हा गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरून तिचा कोड काढला गेला आणि योगदान देणाऱ्यांची खातीही बंद झाली. पुढच्याच महिन्यात ओफॅकनेच खुलासा केला की कोड वाचणं, उतरवून घेणं, त्यावर चर्चा करणं याला मनाई नाही. कोडच्या परवान्यात 'अमुक देशाच्या लोकांनी वापरू नये' अशी ओळ घातली तर तो परवाना मुक्तस्रोत राहत नाही. मुक्तस्रोताच्या व्याख्येचं पाचवं कलमच माणसांत भेदभाव करू नका असं सांगतं.

आपल्याला काय त्याचं, असं म्हणणं

प्रकल्प पुण्यातला असला तरी कोड अमेरिकी सर्व्हरवर असतो आणि देणग्या डॉलरमध्ये येतात. शिवाय याद्यांत भारतीय नावंही आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेने एकाच दिवशी १९ भारतीय कंपन्यांवर निर्बंध लावले. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या भारतीय तेल कंपनीला यादीत घातल्यावर मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि काही दिवसांत सेवा परत सुरू झाल्या. उद्या अशा कंपनीतला मराठी मुलगा पॅच पाठवेल, तेव्हा त्याने काय सहन करावं असं तुम्हाला वाटतं, ते आज ठरवा.

खातं अडकल्यावर व्हीपीएन लावणं

गिटहबने २०१९ मध्ये इराण, सीरिया, क्रिमियातली खाती मर्यादित केली, तेव्हा खासगी रिपॉझिटरी (कोडचे साठे) अडकल्या. सार्वजनिक चालू होत्या. इराणमध्ये सेवा देण्याची परवानगी गिटहबला जानेवारी २०२१ मध्ये मिळाली. कामानिमित्त इराणमधल्या चाबहारला जाऊन आलेल्या माणसाचं खातंही लॉगिनच्या जागेवरून कुठे ना कुठे अडकू शकतं. अशा वेळी व्हीपीएन लावून ठिकाण लपवलं तर संशय वाढतो. अपील करा, राहण्याचा पुरावा जोडा. निघण्यापूर्वी मिरर क्लोन (रिपॉझिटरीची पूर्ण प्रत) घेऊन ठेवा, पण इश्यू (त्रुटींच्या नोंदी) आणि पुल रिक्वेस्टवरची चर्चा त्यात येत नाही, ती वेगळी उतरवा. प्रकल्पाला दुसरा ॲडमिन हवाच.

पैशांचं मात्र एकदम कडक. मित्राच्या खात्यातून मानधन वळवू नका. वकिलाला किंवा तुमच्या फाउंडेशनला विचारल्याशिवाय एक रुपयाही हलवू नका.

आमचा प्रकल्प कोणत्याही अमेरिकी संस्थेखाली नाही, त्यात पैसा नाही आणि त्या विद्यार्थ्याचं नाव कुठल्याही यादीत नव्हतं. हे तपासायला मला अर्धा तास लागला. उशिराबद्दल माफी मागून, कारण खरं खरं सांगून मी पॅच घेतला. तपासणीची नोंद आता आम्ही तारखेसकट ठेवतो, कारण याद्या बदलतात: टॉर्नेडो कॅश मार्च २०२५ मध्ये यादीतून निघालं, सीरियावरचे निर्बंध संपवण्याचा आदेश ३० जून २०२५ ला निघाला. प्रत्येक नोंदीपुढे पुढच्या तपासणीची तारीखही असते, आणि ज्याला नाही म्हटलं त्याचा ईमेल.