गरोदरपणातली ग्लुकोजची टेस्ट: उपाशी यायचं की जेवून?

नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात तीन टाकीच्या बाजूला एका लॅबमध्ये मी रक्त काढते. सकाळी शटर वर गेलं की सहाव्या-सातव्या महिन्यातली एखादी ताई बाकावर असतेच, आणि फाइल पुढे करायच्या आधीच विचारते, "मी काल रात्रीपासून काही खाल्लं नाही, बरोबर ना?" कधी बरोबर असतं, कधी बिचारी उगाच उपाशी आलेली असते. ग्लुकोज पाजून साखर बघायच्या टेस्ट दोन-तीन प्रकारच्या आहेत. तुमच्या डॉक्टरांनी त्यातली कुठली लिहिलीय ते आधी बघा. अक्षर लागत नसेल तर आदल्या दिवशी चिठ्ठीचा फोटो लॅबला व्हॉट्सॲप करा आणि दोनच गोष्टी विचारा: उपाशी यायचं का, आणि रक्त किती वेळा काढणार.

चिठ्ठीवर डिप्सी (DIPSI, उपास न लागणारी टेस्ट) असेल तर शेवटचं जेवण कधी झालं याने फरक पडत नाही. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी एकदाच रक्त द्यायचं. आपल्याकडच्या डॉक्टरांनी ही पद्धत बसवली ती याच विचाराने, की लांबून येणारी गरोदर बाई उपाशी येऊ शकत नाही, आणि "उद्या उपाशी या" म्हटलं तर ती परत येतेच असं नाही. सरकारी दवाखान्यांसाठीच्या सूचनांतही हीच टेस्ट आहे: पहिल्या तपासणीला एकदा, आणि तेव्हा नॉर्मल आली तर 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा. त्यामुळे "एकदा झाली होती की माझी" म्हणून दुसरी टाळू नका. वार (प्लॅसेंटा) जशी वाढते तशी तिच्यातून येणारी हार्मोन्स इन्सुलिनचा जोर कमी करतात, आणि ते कळायला लागतं याच आठवड्यांत.

चिठ्ठीवर जीटीटी (GTT, ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट) असेल आणि तीन सॅम्पल म्हटली असतील तर मात्र उपाशी यायचं. रात्री नीट जेवा, मग किमान आठ तास पोटात फक्त पाणी. चौदा तासांच्या वर उपास ताणू नका. म्हणजे रात्री नऊला जेवलात तर सकाळी सात-साडेसातची वेळ घ्या, उगाच उशिराची नको. एक रक्त उपाशीपोटी, मग 75 ग्रॅम ग्लुकोज, मग एका तासाने आणि दोन तासांनी. काही डॉक्टर 50 ग्रॅमची एका तासाची टेस्ट लिहितात, तिला उपास लागत नाही. ती जास्त आली तर पुढची 100 ग्रॅमची, तीन तासांची करायला सांगतात.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. टेस्टच्या आधी तीन-चार दिवस भात बंद, पोळी अर्धी, गोड तर नाहीच, असं करून येणाऱ्या ताया खूप आहेत. सासूबाईंनी किंवा ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलेलं असतं, "जपून खा, नाहीतर शुगर निघेल." ही परीक्षा नाही, की आदल्या आठवड्यात अभ्यास केला म्हणजे पास. उलट पीठ-भात एकदम तोडला की शरीराची साखर पचवायची सवय मंदावते, आणि अचानक 75 ग्रॅम आत गेल्यावर आकडा उगाच वर जाऊ शकतो. म्हणजे ज्याला भ्यालात तेच रिपोर्टवर. आणि समजा तुमच्या जपण्याने आकडा खाली आला, तरी बाळाला तर रोजचीच साखर मिळणार आहे, ती कुणी बघितलीच नाही. तेव्हा रोज जे आणि जेवढं खाता तेच खा. नवरात्राचे उपास नुकते संपले असतील तर आठवडाभर थांबा. डोहाळजेवणाच्या दुसऱ्या दिवशीची तारीखही घेऊ नका. जेवण उशिरा होतं, झोप होत नाही.

गोळ्यांचं मात्र स्वतःच्या मनाने काही ठरवू नका. थायरॉइडची सकाळची गोळी घ्यायची की टेस्टनंतर, ते डॉक्टरांना विचारा. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन नुकतंच झालं असेल तर ते आवर्जून सांगा, त्याने साखर वर जाते. ताप असेल तर टेस्ट पुढे ढकलायची का ते विचारा. आधीपासून डायबेटिस असेल, किंवा वजनासाठी पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हे ग्लुकोज प्यायचंच नाही.

काही लॅब ग्लुकोज स्वतः देतात, काही मेडिकलमधून आणायला सांगतात. आणायचं झालं तर साधी, बिनस्वादाची पावडर घ्या. संत्र्याच्या चवीचं पाकीट प्यायला बरं लागतं, पण त्यात नुसतं ग्लुकोज नसतं. 100 ग्रॅमचं पाकीट असेल तर ते आख्खं ओतायचं नाही. मोजायचं काम आमच्यावर सोडा, त्यासाठीच काउंटरमागे वजनकाटा आहे. पाणी साधारण 300 मिली. गार पाणी मागा, कोमट पाण्यात ते अगदीच नकोसं होतं. लिंबाचे दोन-चार थेंब चालतील का तेही विचारा. पुष्कळ ठिकाणी चालतात. एका दमात ढोसू नका, पण अर्धा तास घोट घोटही करत बसू नका. पाच ते दहा मिनिटांत संपवायचं. सुरू केल्याची वेळ आम्ही फॉर्मवर लिहितो, तुम्हीही मोबाइलवर लिहून ठेवा. गर्दीच्या दिवशी "ताई, माझे दोन तास झाले" असं सांगणारी बाई आम्हाला आवडते, खरंच.

उलटी झाली तर लपवू नका. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन गुपचूप येऊन बसणाऱ्या मी पाहिल्यात, पुन्हा प्यावं लागेल या भीतीने. सरकारी सूचनेप्रमाणे प्यायल्यापासून अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर टेस्ट दुसऱ्या दिवशी नव्याने करायची. अर्ध्या तासानंतर झाली तर टेस्ट पुढे चालू ठेवता येते. ज्यांना सकाळी मळमळ फार होते त्यांनी डॉक्टरांना डिप्सी दुपारी करू का म्हणून विचारावं.

मधले दोन तास बसून राहायचं. हे ऐकायला सोपं आहे, करायला नाही. कुणी म्हणतं तोवर भाजी घेऊन येते, कुणाला महाप्यात ऑफिसला तोंड दाखवून यायचं असतं. चाललात की स्नायू साखर वापरतात आणि आकडा खोटा खाली येतो. घरी सॅम्पल घ्यायला जातो तिथे तर कहरच. मी पायऱ्या उतरेपर्यंत ताई कपडे वाळत घालायला गॅलरीत! घरी टेस्ट असेल तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा, की दोन तास ही उठणार नाही. लघवीला जा, पाण्याचे घोट घ्या, बाकी चहा, बिस्कीट, पेरू काही नाही. गरगरलं तर सांगा, डाव्या कुशीवर आडवं करतो. एसीत थंडी वाजते म्हणून शाल आणा, चार्जर आणा.

आणि डबा आणा. शेवटचं रक्त झाल्यावर कित्येकींना हातपाय कापल्यासारखं होतं. तेव्हा लगेच गोड चहा नको. उकडलेलं अंडं, थालीपीठ-दही, पोळी-उसळ असलं काही खा आणि दहा मिनिटं बसा. सोबत कुणीतरी असू द्या. स्कूटर स्वतः चालवत येऊ नका. ऐरोली किंवा ठाण्याहून ट्रेनने येणार असाल तर परतीला रिक्षाच करा.

रिपोर्टमध्ये शेजारी छापलेली रेंज बघून निश्चिंत होऊ नका. पुष्कळदा ती सगळ्यांसाठीची असते, गरोदर बाईसाठीची नाही. डिप्सीत दोन तासांचा आकडा 140 (mg/dL) किंवा वर असेल तर ती गरोदरपणातली शुगर धरतात. तीन सॅम्पलच्या 75 ग्रॅमच्या टेस्टमध्ये बऱ्याच ठिकाणी मर्यादा अशा असतात: उपाशी 92, एका तासाला 180, दोन तासांना 153. यातला एकच आकडा गाठला तरी शुगर धरायला पुरतो. म्हणजे उपाशी 95 आली तर छापील रेंजमध्ये ती बसते, तरी डॉक्टरांना दाखवायचीच.

आकडा वर आलाच तर त्याच दिवशी जेवण सोडू नका. बहुतेक वेळा आधी दोन आठवडे आहार बसवून देतात, जेवणानंतर दोन तासांची साखर 120 च्या खाली येते का बघतात, आणि नाहीच आली तर गोळी किंवा इन्सुलिन. खर्चाची अडचण असेल तर दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची तपासणी मोफत होते, तिथे जा.

ज्यांना शुगर निघाली त्यांची बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी हीच 75 ग्रॅमची टेस्ट पुन्हा करायची असते, आणि तिला फार थोड्या जणी येतात. सव्वा महिना संपतो तेव्हाच ही वेळ येते, बाळाचे दीड महिन्याचे डोसही त्याच आठवड्यात असतात. त्या डोसची तारीख घ्याल तेव्हाच आम्हालाही फोन करा. बाळाला घेऊनच या, मधल्या वेळात पाजलंत तरी चालतं.