रोलवर डाग आले? फिल्मला शिव्या घालण्याआधी हे बघा

कॅमेऱ्याचा ब्लॅक अँड व्हाइट रोल घरी धुवून दोरीवर लावला आणि फोटोतल्या आभाळात डाग दिसले की तोंडातून पहिलं निघतं, ही कंपनीच बेकार. मीपण तेच म्हणायचो, पण गेल्या जुलैत एकाच बॅचचे दोन रोल एकाच टाकीत (रोल धुवायच्या बंद डब्यात) धुतले आणि एक चकाचक निघाला, दुसऱ्यावर ढगाळ चट्टे. चट्टेवाला मी फ्रीजमधून काढून लगेच कॅमेऱ्यात घातला होता, आणि मुंबईच्या पावसाळ्यात थंड फिल्मवर दव धरतंच. आता रोल रात्रीच बाहेर काढतो, त्याची प्लास्टिकची डबी सकाळी उघडतो.

निगेटिव्ह हातात आली की फोटो नंतर, आधी कडा बघा. भोकांजवळ फिल्मचं नाव नि नंबर असतात ते कारखान्यातच उजेड देऊन उमटवलेले, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यात हात नाही. अक्षरं ठळक पण फोटो फिके, तर एक्स्पोजर, म्हणजे फोटो काढताना मिळालेला उजेड, कमी पडलं. अक्षरंही फिकी, तर डेव्हलपिंग कमी झालं. अक्षरंच नाहीत आणि रोल कोरा पारदर्शक, तर डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) मेलेला किंवा फिक्सर (चित्र पक्कं करणारं, नंतर ओतायचं रसायन) आधी ओतला गेला. एवढं एक बघायची सवय लागली तरी निम्मी भांडणं मिटतात.

निगेटिव्हवर फिकट गोल ठिपके म्हणजे बहुतेक बुडबुडे, डेव्हलपर ओतल्यावर टाकी ओट्यावर दोनतीनदा हलकेच आपटा. सुकल्यावर पांढुरके डाग राहिले तर दोष पाण्यातल्या क्षारांचा, बिल्डिंगला टँकर येत असेल तर शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरनेच करा. निगेटिव्ह दुधाळ दिसली तर परत फिक्सरमध्ये घाला. लांब सरळ ओरखडा असेल तर फिल्म गुंडाळलेल्या रोलच्या तोंडाची मखमल, कॅमेऱ्याची प्रेशर प्लेट (फिल्म मागून सपाट दाबणारी पट्टी) नाहीतर पाणी निपटताना फिरवलेली बोटं. आणि मे महिन्यात नळाचं पाणी ३० डिग्रीच्या आसपास असतं, डेव्हलपिंगच्या चार्टातले टाइम बहुतेक २० डिग्रीचे, तेव्हा बाटल्या बर्फाच्या टबात ठेवा, सगळ्या, फक्त डेव्हलपरची नाही.

एचपी५, ट्राय-एक्स, फोमापान, केंटमिअर, यातली कुठलीही फिल्म घ्या पण निदान दहा रोल तीच वापरा, दर रोलला ब्रँड बदलला तर चूक कुणाची ते कधीच कळणार नाही.

एवढं करूनही एकाच बॅचचे रोल दोन वेगळ्या कॅमेऱ्यांत तसेच डाग देत असतील, किंवा १२० च्या (मागे कागद लावलेल्या रुंद) रोलमध्ये त्या कागदावरचे आकडे फोटोत उमटले असतील, तर दोष फिल्मचा किंवा ती कुठे तापत पडली होती त्याचा. तेव्हा बिनधास्त तक्रार करा, पण त्यासाठी इमल्शन नंबर (फिल्मच्या बॅचचा नंबर) लागतो, म्हणून खोक्याची नंबर आणि एक्स्पायरीवाली बाजू कापून निगेटिव्हच्या स्लीव्हमध्येच ठेवत जा.