पॉट आईस्क्रीम घट्ट होत नाही? मीठ मोजून घाला

तासभर हँडल फिरवूनही पॉटमधलं दूध पातळच राहिलं, तर आधी बाहेरच्या बर्फात मीठ किती घातलंय ते बघा. नुसता बर्फ वितळताना ०° सेल्सिअसच्या खाली जात नाही. आतल्या दुधात मात्र साखर विरघळलेली असते, त्यामुळे ते शून्याला गोठत नाही. त्याला साधारण उणे २-३ अंश लागतात. मग नुसत्या बर्फात ते कितीही फिरवलं तरी व्यर्थच.

साखर दुधाला जे करते, तेच मीठ बर्फाला करतं. मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतो. म्हणून बर्फ शून्याखालीही वितळत राहतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता डब्यातून ओढून घेतो. ३ किलो फोडलेल्या बर्फाला १ किलो जाडं मीठ घ्या, थरावर थर द्या. थोड्याच वेळात बादलीतल्या पाण्यात बोट घालवत नाही इतकं ते गार होतं, आणि खरंच घालू नका, कातडी भाजल्यासारखी होते.

साठलेलं खारं पाणी लगेच ओतून देऊ नका. तेच डब्याला सगळीकडून भिडतं. झाकणापाशी चढलं तर मात्र थोडं काढा, नाहीतर आईस्क्रीम खारट!

हापूसचा रस घालणार असाल, तर साखरेचा हात आखडता घ्या. रसात साखर असतेच, आणि ती जास्त झाली की आईस्क्रीम लवकर धरत नाही.